बाजाराचा वार

धुळ्यात दुकानं कधी आली, हे जवळजवळ सालासकट सांगता येतं. 1803 मध्ये होळकरांच्या स्वाऱ्या आणि दुष्काळ यांच्या कात्रीत सापडून गाव पार ओस पडलं. पुढच्या वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंतांनी ते पुन्हा वसवलं. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळं निवडलं. तेव्हा गावात 401 घरं होती आणि वस्ती अडीच हजारांची. कचेऱ्या बांधायला गवंडी, सुतार लांबून आणावे लागले. कचेरी आली, पण तिथल्या कारकुनाला मीठ-मिरची कोण विकणार? ब्रिग्जने व्यापाऱ्यांना आवतण धाडलं: या, घर बांधायला जागा कायमची बिनसाऱ्याची मिळेल आणि बांधकामासाठी सरकारातून आगाऊ रक्कमही मिळेल. पांझरेकाठच्या जुन्या गावाशेजारी सरळ, समांतर गल्ल्यांचं नवं धुळं वाढत गेलं. त्या गल्ल्या आजही नंबरांनीच ओळखल्या जातात आणि आग्रा रोडपासून पाचकंदीलपर्यंतची बाजारपेठ त्याच आखणीला धरून आहे.

म्हणजे खान्देशाच्या या मोठ्या पेठेत दुकानदाराला जागा आणि पैसा देऊन बोलवावं लागलं. आठवडे बाजाराला असं कुणी बोलावलं नव्हतं. तो आधीपासून भरत होता आणि दुकानं आल्यावरही भरतच राहिला. याचं कारण गरिबाच्या हिशोबात आहे.

कायमच्या दुकानाला रोजचं गिऱ्हाईक लागतं. चारपाचशे वस्तीच्या गावात मडकं रोज विकलं जात नाही, बांगडी, घोंगडी, नांगराचा फाळ तर नाहीच नाही. तिथे कासाराने दुकान मांडलं तर आठवड्यातले सहा दिवस तो माशा मारत बसेल. पण हाच कासार आज या गावात, उद्या शेजारच्या गावात, परवा तिसऱ्या गावात बसला, तर सात गावांची गरज मिळून त्याचं पोट भरतं. त्याच दिवशी कुंभार, माळी, तेली, चांभार, सोनगीरच्या तांब्या-पितळेची भांडी विकणारा, दोंडाईच्याकडची मिरची घेऊन आलेला, असे सगळे त्या गावात जमले, तर गिऱ्हाइकाचीही एका खेपेत सगळी कामं होतात. वार ठरला तो या सोयीतून. एका गावाचा वार शेजारच्या गावाच्या वारावर पडत नाही. दोन्हीकडे तेच विक्रेते जाणार असतात, त्यामुळे वार आदळला तर नुकसान दोघांचंही.

जुन्या काळी खान्देशातून जाणारा व्यापार मोठा होता, पण तो गावाच्या अंगणातून नुसता निघून जायचा. सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोगली अमलातला हमरस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडा या गावांवरून जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने या मुक्कामांची नोंद केली आहे. पीटर मंडी हा इंग्रज 1630 च्या महादुष्काळात याच वाटेने गेला, तेव्हा वाटेवर त्याला प्रेतंच प्रेतं दिसली. धरणगावच्या कापडासाठी इंग्रजांनी 1674 मध्ये तिथे वखार घातली होती. वखारीतला माल सुरतेला आणि तिथून समुद्रापार जायचा. खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला या व्यापारातलं यायचं ते वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरचं मीठ. खान्देशात ज्वारी, बाजरी, कापूस, तीळ सगळं पिकतं, मीठ तेवढं किनाऱ्यावरून आणावं लागतं. वंजारी मीठ घेऊन यायचे, धान्य घेऊन जायचे. मिठाची गोणी जिथे उतरते तिथे चार माणसं जमतातच.

मग रेल्वे आली आणि जळगावचं नशीब फिरलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि नुकत्याच झालेल्या लोहमार्गावरचं जळगाव कापसाची मोठी पेठ बनलं. युद्ध संपताच भाव कोसळले आणि जळगावच्या व्यापाऱ्यांना जबर फटका बसला, तरी पेठ टिकली. 1870 च्या दशकात तिथे कापडगिरणीही उभी राहिली. 1906 मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा पूर्वेचं ठाणं जळगावला आलं आणि पश्चिमेचं धुळ्यातच राहिलं.

कापसाने पैसा आणला, तशी उधारीही आणली. शेतकऱ्याच्या हातात रक्कम येते पीक निघाल्यावर, आणि खर्च तर वर्षभर असतो. मधल्या महिन्यांत दुकानदार माल देतो, खात्यावर लिहितो आणि कापूस आला की वळता करून घेतो. या खात्याने अनेकांना दुष्काळात जगवलं, हे मान्य करायलाच हवं. पण खातं एकदा उघडलं की दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नाही. भाव विचारायचीही चोरी, कारण आधीची बाकी डोक्यावर असते. आठवडे बाजारात हे ओझं नाही. तिथे बहुतेक व्यवहार रोखीचा, आणि एकाच मालाचे दहा विक्रेते एका ओळीत बसलेले. खिशात थोडेच पैसे असलेल्या बाईलाही तिथे ‘नको, पुढे बघते’ असं म्हणता येतं. आठवड्यातून एका दिवसापुरतं का होईना, हे स्वातंत्र्य तिला मिळतं. किरकोळ व्यापाराचा सामाजिक परिणाम शोधताना हे ‘पुढे बघते’ आधी मोजायला हवं.

म्हणूनच मजुरीचा हिशोबही बाजाराच्या वाराशी बांधला गेला. सालदार ठरतो आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि त्याचा सौदा वर्षाचा. रोजंदारीवर जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. खान्देशातल्या बऱ्याच गावांत त्यांना आठवड्याचे पैसे बाजाराच्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी मिळतात, आणि बाजाराच्या दिवशी शेतातलं कामही बंद असतं. कुणी हाक मारली तर ‘आज बजार शे’ एवढं अहिराणी उत्तर पुरतं. कामाला येणार नाही, हे त्यात आलंच.

बाजारात माल मांडायची रीतही याच बेताच्या पैशातून आलेली आहे. भाजीवाली गोणपाटावर वांग्यांचे, मिरच्यांचे, कोथिंबिरीचे छोटे ढीग करून ठेवते. एक ढीग म्हणजे एक वाटा. तो तोलायचा नसतो, डोळ्यांनी पारखायचा असतो. गिऱ्हाईक दोन वाटे निरखतं, एकातलं वांगं उचलून दुसऱ्यात टाकू पाहतं, भाजीवाली हात आडवा घालते आणि शेवटी दोन मिरच्या वरून देते. देशात 1958 पासून मेट्रिक वजनं लागू होत गेली, शेर-पायली कागदोपत्री संपली, तागड्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी वाटा टिकून आहे. दहा रुपयांत काय येईल, हे त्यात आधीच मांडलेलं असतं, आणि विकणारीला काट्याचा खर्चही पडत नाही. दिवस मावळायला आला की वाटा मोठा होतो, भाव तोच राहतो. ज्यांना सगळ्यांत स्वस्त घ्यायचं असतं ते याच वेळेला येतात.

अशा बाजाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास तसा उशिरा सुरू झाला. वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1933 मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावांवरून बाजारगावं कोणत्या अंतराने वसतात याची मांडणी केली. त्यानंतर विल्यम स्किनर या अमेरिकन अभ्यासकाने चीनमधल्या सिचुआन प्रांतातले ठरावीक दिवशी भरणारे बाजार तपासले. शेतकऱ्याचं जग गावाच्या वेशीपाशी संपत नाही, तो ज्या बाजाराला जातो त्या बाजाराचा परिसर हे त्याचं खरं जग, असं त्याने दाखवून दिलं. मुलींची स्थळंसुद्धा त्या परिसरातूनच येत. आपल्याकडे इरावती कर्वे यांची हयात नातेसंबंधांच्या अभ्यासात गेली, आणि त्या आठवडे बाजाराकडेही वळल्या, हा योगायोग नव्हे. हेमलता आचार्य यांच्याबरोबर त्यांनी आदिवासी, ग्रामीण आणि नागरी अशा तिन्ही परिसरांतल्या आठवडे बाजारांची भूमिका तपासली. तो अभ्यास 1970 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला.

इरावतीबाई नात्यांकडून बाजाराकडे का वळल्या, हे खान्देशात चटकन कळतं. चहाच्या टपरीवर सोयरिकीचं पहिलं बोलणं होतं. लेक दिलेल्या गावाचा माणूस भेटला की तिची खुशाली कळते आणि त्याच्याच हाती गोडीशेवेचा पुडा धाडला जातो. कुणाचा बैल विकायचा आहे, कुठे विहिरीला पाणी लागलं, या बातम्याही तिथेच फिरतात.

याचं सगळ्यांत भरगच्च रूप सातपुड्यात दिसतं. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात, पलीकडे नंदुरबार जिल्ह्यात आणि मध्य प्रदेशातही, होळीआधीच्या आठवड्यात जो ज्या गावाचा नेहमीचा बाजार, तोच भोंगऱ्या बाजार होतो. वेगळी तारीख नाही, वेगळी जागा नाही. पावरा, बारेला, भिल्ल कुटुंबं पाड्यापाड्यांवरून येतात. होळीसाठी लागणारे गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कडे घेतात. चांदीच्या दागिन्यांनी मढलेल्या बाया, खांद्यावर मोठे ढोल घेतलेले पुरुष, बासरी, नाच, असा तो दिवस असतो. बाहेरच्यांनी या बाजाराला मुलं-मुली पळून जाण्याचा मेळा ठरवून टाकलं आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी ते पक्कं केलं. आदिवासी समाजातले शिकलेले तरुण गेली अनेक वर्षं सांगत आहेत की हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. त्यांचं म्हणणं ऐकायला हवं. कामासाठी गुजरातेत गेलेली माणसं होळीला घरी परततात, वर्षभरानंतर एकमेकांना भेटतात, आणि भेटायला सगळ्यांना सोयीची जागा बाजारच.

दुकानाशिवाय विकण्याची ही रीत भांडवल नसलेल्याला व्यापारात शिरायची वाटही देते. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातले भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये सरकारी नोकरीची संधी सोडली आणि घरातल्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली. ठिबक सिंचनाचा कारखाना बऱ्याच वर्षांनी आला. जळगावात अशा गाडीला लोटगाडी म्हणतात, आणि आजही शहरात नवा आलेला माणूस पहिला धंदा लोटगाडीवरच करतो.

आता या बाजाराच्या हक्कांकडे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतींना बाजारावर फी बसवायचा अधिकार दिला. बाजार वसुलीचा दरवर्षी लिलाव होतो, ठेकेदार पावतीपुस्तक घेऊन फिरतो आणि दुरडीभर भाजी घेऊन बसलेल्या म्हातारीकडूनही पट्टी घेतो. ती पट्टी द्यायला कुणाची ना नाही. पण सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत बसणाऱ्या बायांसाठी त्या आवारात बहुतेक ठिकाणी स्वच्छतागृह नसतं, पिण्याचं पाणी नसतं, पावसाळ्यात ओटे नसतात. बायका दिवसभर पाणी न पिता बसतात. ज्या बाजारातून गावाला दर आठवड्याला उत्पन्न मिळतं, तिथे ही अवस्था असणं ही शरमेची गोष्ट आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, आठवडे बाजार बंद झाले, आणि या बाजारावर कोण कोण जगतं ते उघड्यावर आलं. किराणा दुकानं ठरावीक वेळेत उघडी राहिली. कासार, कुंभार, चपला शिवणारा, बी-बियाणं पुड्यांत विकणारा यांची कमाई बुडाली. ज्यांच्याकडे गाडी होती ते दारोदार भाजी विकू लागले, बाकीचे घरी बसले. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा शहरी भागापुरता असल्याने खेड्यातल्या विक्रेत्याला त्याचा आधारही नव्हता.

त्याआधी, 2016 मध्ये, महाराष्ट्र सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली. पहिल्या बाजारांपैकी एक मुंबईत विधानभवनाच्या आवारात भरला. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत ठरलेल्या वारी तंबू लागतात, मालाच्या क्रेट उतरतात आणि संध्याकाळपर्यंत सगळं आवरून गाडी दुसऱ्या दिवसासाठी दुसऱ्या सोसायटीकडे निघते. तिथल्या रहिवाशांना ही नवी सोय वाटते. थाळनेर-चोपड्याकडचा कासार मात्र पहिल्या नजरेतच ती ओळखेल, आणि उद्याचा वार कुठला, एवढंच विचारेल.