सायकलची सीट सारखी खाली बसतेय? कोल्ड्रिंकच्या कॅनचा ‘जुगाड’ कुठे चालतो आणि कुठे नाही?

दहा मिनिटं सायकल चालवली की सीट इंचभर खाली. उतरायचं, सीट वर ओढायची, बोल्ट आवळायचा आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच. नुसता त्रासच नाही, खालच्या सीटवर रोज पेडल मारलं की गुडघेही कुरकुर करायला लागतात.

बोल्टचे आटे झिजलेले नसतील, तो नीट आवळला जात असेल आणि तरीही सीट घसरत असेल, तर दोष बहुतेक वेळा मापाचा असतो. सीटचा दांडा, म्हणजे सीटपोस्ट किंवा दुकानातल्या भाषेत ‘सीट पिलर’, फ्रेमच्या नळीपेक्षा किंचित बारीक असतो. जुन्या फ्रेमला दुसऱ्या सायकलचा पोस्ट लावला की हे हमखास होतं. अशा वेळी मधली फट भरायला जो पातळ पत्रा गुंडाळतात, त्याला ‘शिम’ म्हणतात. कोल्ड्रिंकच्या किंवा बिअरच्या रिकाम्या कॅनमधून हा शिम घरीच कापता येतो. जगभरचे सायकलवाले वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत.

मापाचा हा गोंधळ होतो कशामुळे?

जुन्या स्टीलच्या अनेक फ्रेममध्ये सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास 28.6 मिमी असतो. त्यामुळे बाहेरून सगळ्या नळ्या सारख्याच दिसतात. आतलं माप मात्र नळीच्या जाडीवर ठरतं. जाडी 0.6 मिमी असेल तर आत 27.4 मिमी जागा उरते आणि तिथे 27.2 चा पोस्ट बसतो. स्वस्त, जाड नळी 0.9 मिमीची असेल तर पोस्ट लागतो 26.6 चा. म्हणूनच बाजारात 0.2 मिमीच्या फरकाने इतके वेगवेगळे पोस्ट मिळतात. अमेरिकेतले नामवंत सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी तर कोणत्या फ्रेमला कोणता पोस्ट लागतो, याची लांबलचक यादीच तयार केली होती.

पोस्टचं माप अनेकदा त्याच्या खालच्या भागावर कोरलेलं असतं. नसेल तर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. इथे पट्टी किंवा टेपचा उपयोग नाही.

गणित अगदी सोपं

कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिमी जाड असतो. पोस्टभोवती एक वेढा दिला की तो दोन्ही बाजूंना भरतो, म्हणजे व्यास 0.2 मिमीने वाढतो. फ्रेमला 27.2 चा पोस्ट हवा आणि हातात 27.0 चा असेल तर एक वेढा. 26.8 चा असेल तर दोन. पण पोस्ट 25.4 चा असेल तर नऊ वेढे लागतील. तो नाद सोडा. एवढ्या फरकासाठी तयार अ‍ॅल्युमिनियमचा शिम विकत मिळतो, तोच घ्या.

एका वेढ्यासाठी पट्टीची लांबी साधारण 84-85 मिमी लागते. टोकं एकमेकांवर चढू देऊ नका, तिथे उंचवटा येतो. दोन्ही टोकांत मिलिमीटरभर जागा ठेवा आणि ती जागा फ्रेमच्या चिरेसमोर आणा. उंची 7-8 सेंटिमीटर तरी हवी. पट्टी आखूड असेल तर पोस्ट वर घट्ट आणि खाली डुगडुगता राहतो. वरच्या कडेला पाच मिमी जास्तीचा पत्रा ठेवून त्याला बारीक काप द्या आणि बाहेर दुमडा, नाहीतर शिम पहिल्याच धक्क्याला नळीत गायब होतो. कापताना जाड हातमोजे घाला, या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. आणि डिओच्या बाटल्या कापायला जाऊ नका, त्यांच्यात दाबाखाली गॅस असतो.

बसवताना ग्रीसचा अगदी पातळ थर लावा. स्टीलची नळी, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की गंज धरतो आणि पोस्ट आतच जाम होतो. आपल्याकडचा पावसाळा पाहता दर दोन-तीन महिन्यांनी पोस्ट बाहेर काढून पुसलेला बरा. पोस्टवरची ‘मिनिमम इन्सर्ट’ची खूण नळीच्या आतच राहायला हवी. शिम लावला म्हणून हा नियम बदलत नाही.

बोल्ट आवळताना क्लॅम्पचे दोन्ही कान एकमेकांना टेकले आणि पोस्ट तरीही हलत असेल, तर फट अजून मोठी आहे. आणखी जोर लावून उपयोग नाही, बोल्ट तुटेल. सगळं बसल्यावर पोस्टवर टेपची एक पट्टी चिकटवा. आठ-दहा किलोमीटरनंतर ती फ्रेमजवळ सरकलेली दिसली, तर माप पुन्हा घ्या.

हँडलला हाच उपाय का नको?

25.4 मिमीचं हँडल 26.0 च्या स्टेममध्ये बसवायला अनेक जण कॅनचाच पत्रा वापरतात. फरक फक्त 0.6 मिमी, म्हणजे तीन वेढे. तरीही हे टाळा. सीट घसरली तर तुम्ही थोडे खाली येता, एवढंच. ब्रेक दाबताना किंवा खड्ड्यात मात्र शरीराचं बरंच वजन हातांवर येतं. त्याच क्षणी हँडल गर्रकन फिरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. कार्बनचा पोस्ट, फ्रेम किंवा हँडल असेल तर कॅनचा पत्रा कुठेच नको. त्याच्या धारेने कार्बनवर ओरखडा पडतो आणि पुढे तिथूनच तडा जाऊ शकतो.