सुतारमेटाची भिंत

रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, असं कृषी खात्याची माणसं सांगतात. पुस्तकातही तेच छापलेलं असतं. आमच्या मोहोळ तालुक्यातल्या काळ्या रानात हे अंतर कुणी सेंटिमीटरनं मोजत नव्हतं. कुरीच्या दिंडाला जी भोकं पाडलेली असत, त्यांच्यातच ते अंतर बसलेलं असायचं. आणि भोकं कुठं पाडायची, ते सुतारमेटात बाभळीच्या एका पट्टीवर खाचा करून ठेवलेलं असायचं. पट्टी एक हाताची. एक हात म्हणजे १६ तसू, म्हणजेच १८ इंच. त्याचे सेंटिमीटर करून बघा, ४५ आणि वर थोडे भरतात. पुस्तकात यायच्या कितीतरी आधी हे माप आमच्या गावात खिळ्याला टांगलेलं होतं.

बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत सुतार. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात बलुत्याची ही सगळी रीत सापडते. वर्षभर नांगर, कुळव, कुरी, कोळपं दुरुस्त करायचं आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्य, पेंढ्या न्यायच्या. नवी गाडी केली, घराची चौकट केली तर त्याचं वेगळं. ऐकायला हे गोड वाटतं. पण पाऊस दगा देऊन गेला की खळंच रिकामं, मग सुताराची पाटीही रिकामीच. काम मात्र त्यानं आधीच करून दिलेलं असायचं. आमच्या सोलापूर जिल्ह्यात असली सालं काय कमी झाली नाहीत.

आमच्या गावचं सुतारमेट वेशीजवळ, लिंबाच्या झाडाखाली. सुतारआप्पा लुगडं विणावं तसं लाकूड विणतात, असं माझी आई म्हणायची. शाळा सुटली की आम्ही पोरं तिथंच. पावसाच्या आधी तर मेटात उभं राहायला जागा नसे. कुणाचं जू मोडलेलं, कुणाच्या कुळवाचं जानवळं निखळलेलं. तेवढ्या गर्दीतसुद्धा आप्पा हत्यार शोधतायत असं कधी दिसलं नाही. हात मागं केला की वाकस हातात, पुढं केला की पटाशी.

त्याचं कारण ती भिंत. मेटाला तीन भिंती, चौथी बाजू उघडी. डाव्या भिंतीवर रानाच्या अवजारांचे फर्मे : नांगराचं खोड, इसाड, रुमणं, कुळवाचं दिंड, कुरीची पट्टी. समोरच्या भिंतीवर गाडीचे : आऱ्याची लांबी, पुठ्ठ्याचा बाक, तुंब्याचा घेर. उजवीकडं घराचे : चौकट, दार, खिडकी, पाळणा. फर्मा म्हणजे पातळ फळीतून कापलेला नमुना. तो लाकडावर ठेवायचा, गेरूनं कड आखायची आणि तासायला लागायचं. बांबूच्या चिपा वेगळ्या, त्या जुवांच्या. कुणाचे बैल केवढे, खांदा किती रुंद, ते त्या चिपांवर खाचांनी लिहिलेलं. बैलजोडी बदलली की चीप बदलायची. आप्पांना अक्षरओळख नव्हती, पण गावातली प्रत्येक बैलजोडी त्यांच्या भिंतीवर नोंदलेली होती.

टांगायचीही रीत होती. मृगाच्या आधी लागणारे फर्मे हाताच्या उंचीवर, सुगीनंतर लागणारे त्याच्या वर, आणि क्वचित लागणारा पाळणा आढ्याजवळ. हंगाम बदलला की भिंत बदलायची. काम झालं की फर्मा आधी खिळ्याला, मग गिऱ्हाइकाशी बोलणं. “खिळा मोकळा दिसला की समजायचं, काम अजून चालू हाय,” असं ते म्हणत. कुणी फर्मा उसना मागितला तर देत नसत. त्याच्यावरून दुसरा कापून देत, आणि तोही मूळच्या फर्म्यावरूनच. नकलेवरून नक्कल केली की दर वेळी केसभर फरक पडतो, आणि दहाव्या नकलेला कुरी तिरकी चालते. ही गोष्ट कागदपत्रांनाही तितकीच लागू आहे.

त्यांच्याकडून ऐकलेलं लाकडाचं थोडं सांगतो, कारण आता सांगणारे फार उरले नाहीत. बाभूळ हिवाळ्यात तोडावी. तोडलेलं खोड विहिरीत नाहीतर ओढ्याच्या डोहात काही महिने बुडवून ठेवावं. लाकडातला गोडवा पाण्यात निघून जातो, मग किडा लागत नाही. बाहेर काढल्यावर सावलीत वाळवावं आणि दोन्ही टोकांना शेण लिंपावं. टोकं आधी वाळली की लाकूड तडकतं. नांगराला सरळ खोड तासून बाक आणू नये. जिथं झाड आपणहून वाकलेलं असतं तिथलं लाकूड घ्यावं, तिथं रेषा बाकाबरोबर वळलेल्या असतात. रेषा तोडून केलेला बाक पहिल्या खडकालाच मोडतो. चाकाचा आरा कडक वाळलेला पाहिजे. ओला आरा बसवला की पुढं तो आकसतो आणि चाक खुळखुळतं. लोखंडी धाव लाकडाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करून फुगवायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आवळते आणि सगळे सांधे एकमेकांत घट्ट बसतात. त्या दिवशी सुतार आणि लोहार दोघंही लागत, आणि बघायला सगळं गाव.

हत्यारांचंही तसंच. करवतीचे दात एकाआड एक डाव्या-उजव्या अंगाला वाकवलेले पाहिजेत, नाहीतर करवत लाकडात अडकते. पटाशी फळीवर पात्याच्या बाजूनं ठेवायची नाही. पावसाळ्यात प्रत्येक पात्यावरून तेलाचं फडकं फिरवायचं. बोथट हत्यार माणसाला जास्त कापतं, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर निसटला की हात जातो.

हे सगळं मोडलं ते एका दिवसात नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. लोखंडानं जमीन नासते म्हणून आधी शेतकरी बिचकले, पण पुढं त्यांनी तो नांगर घेतला, आणि त्यात शहाणपणच होतं. काळ्या रानातली हरळी लाकडी नांगरानं निघत नव्हती. त्याबरोबर मोठ्या नांगराचा फर्मा भिंतीवर धूळ खात राहिला. १९५८ पासून मीटर-किलो आले. गज आणि तसू कायद्यानं गेले, पण मेटात राहिले, कारण फर्म्याला आकडा लागत नाही. मग १९७२ चा दुष्काळ पडला. मी तेव्हा शाळेत होतो. चारा नाही म्हणून लोकांनी दावणीचे बैल मिळेल त्या भावात विकले. बैल गेले तिथं जू कशाला लागणार? त्या साली आप्पांनी बांबूच्या चिपा खाली काढल्या आणि मोळी बांधून माळ्यावर टाकल्या. ते स्वतः दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. वाकस धरणाऱ्या हातात हातोडा आला. उजनी धरण १९८० ला पुरं झालं. आमच्याकडं पाणी आलं, ऊस आला, ट्रॅक्टर आला. आप्पांची पोरं पुण्याला गेली. तिथं ती प्लायवूडची कपाटं करतात आणि चांगलं कमावतात. ती गेली ते बरंच झालं, असं मी म्हणतो. बलुत्याच्या पेंढ्यांवर परत जगा, असं कुणी कुणाला सांगू नये.

पण भिंतीचं काय? आप्पा वारल्यावर घराची वाटणी झाली, मेट पाडायचं ठरलं. फर्मे म्हणजे बिनकामाच्या फळ्या, त्यातल्या बऱ्याच पाणी तापवायच्या चुलीत गेल्या. आप्पांच्या थोरल्या सूनबाईंनी ११ फळ्या बाजूला काढून ठेवल्या. मी बघायला गेलो तेव्हा वहिनींनी एकेक हातात घेऊन सांगितलं, “भाऊजी, ही कुरीची. ही आऱ्याची. ही पाळण्याची, हिच्यावरनंच माझ्या पोरांचा पाळणा झाला.” लग्न होऊन आल्यापासून दोरीचं दुसरं टोक धरायला त्याच उभ्या असत, म्हणून त्यांना माहीत. अशा सात फळ्या त्यांनी ओळखल्या. चार कशाच्या ते त्यांनाही सांगता येईना. मी गावातली चार म्हातारी माणसं आणली, त्यांनाही जमलं नाही. फळी तीच, खाचा त्याच, पण ज्याला वाचता येत होतं तो माणूस नाही.

आपल्याकडं अशा गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत, असं नाही. सोलापुरात फौजेबरोबर आलेल्या मोल्सवर्थसाहेबानं १८१८ च्या सुमारास मराठी शब्द गोळा करायला घेतले. त्यातून १८३१ साली कोश झाला आणि १८५७ ला मोठी आवृत्ती निघाली. आरा, पुठा, तुंबा हे आमचे मेटातले शब्द त्यांत आहेत. कृष्णाजी विनायक वझे यांनी जुन्या शिल्पग्रंथांचं सार १९२४ साली मराठीत छापलं. शब्द कोशात राहिले, शास्त्र ग्रंथात राहिलं. राहिलं नाही ते या दोन्हींच्या मधलं : कुठल्या खाचेत कुठलं माप, आणि ते कशासाठी.

आता पोरं म्हणतात, काका, फोटो काढून ठेवू. काढा. पण मोबाइलात हजार फोटो बिननावाचे पडले, तर ते त्या चार फळ्यांसारखेच. म्हणून मी वहिनींच्या सात फळ्यांवर ऑइलपेंटनं चार गोष्टी लिहून घेतल्या : नाव काय, कशावर ठेवायची, माप किती, आणि कुणी सांगितलं. सांगणाऱ्याच्या जागी वहिनींचं नाव घातलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं कशाला? मामंजींचं घाला.” मी दोघांचंही घातलं. उरलेल्या चारांवर ‘ओळख पटायची आहे’ एवढंच लिहिलं आणि त्या पुढच्या खिळ्यांना टांगल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी दिसाव्यात म्हणून.

तुमच्या गावात अजून एखादं सुतारमेट उभं असेल, एखादा म्हातारा सुतार ओट्यावर बसत असेल, तर या उन्हाळ्यात एक दुपार त्याच्यापाशी घालवा. पेन न्या, दोरी न्या, मोजायची टेप न्या. तो भेटत नसेल तर त्याच्या घरातल्या बाईला विचारा, ती दोरीचं दुसरं टोक धरून उभी होती. आणि मोहोळकडं आलात तर त्या चार फळ्या बघून जा. एखाद्याला ओळखू आली तर ब्रश आणि रंगाचा डबा तिथंच ठेवलाय.