रुग्णालयीन प्रसूती : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

प्रथमच प्रसूत होणाऱ्या स्त्रीस मराठीत पहिलटकरीण म्हणतात. तिचे बाळंतपण घरातील अंधाऱ्या खोलीतून रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जाणे, हे महाराष्ट्राच्या विसाव्या शतकातील सामाजिक इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर होय. पुणे शहराच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात ते अवघ्या दोन-तीन पिढ्यांत, कारखानदारीच्या बरोबरीने घडले. या बदलात स्त्रीच्या जिवाला मोठे संरक्षण मिळाले; मात्र वेणांच्या वेळी तिच्याजवळ असणारे आपले माणूस दीर्घकाळ दूर झाले.

हवेली, मावळ व खेड या तालुक्यांतील गावांत पूर्वी बाळंतपण सुईणीच्या हाती असे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रूढी होती व सातव्या महिन्यानंतर मुलीला माहेरी आणीत. बाळंतिणीची खोली वेगळी, बहुधा कमी उजेडाची असे. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, वेखंड, डिंकाचे व अळिवाचे लाडू आणि दहा दिवसांचे सोयर हे तिचे विश्व होते. सुईण अनुभवी असली, तरी आडवे मूल, अडकलेली वार किंवा प्रसूत्युत्तर रक्तस्राव यांपुढे तिचा इलाज चालत नसे. नाळ कापण्यासाठी हाताशी असलेले विळ्यासारखे हत्यार वापरले जाई व त्यातून अर्भकास धनुर्वात होई. हा रोग जन्मानंतर बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास प्रकट होतो. बाळाच्या पाचव्या-सहाव्या दिवसाची धास्ती आणि त्या दिवशीचे सटवाईचे पूजन यांमागे या अनुभवाचाही भाग असावा, असे मानण्यास जागा आहे.

या पद्धतीतील उणिवांची जाणीव शिक्षित मराठी स्त्रियांना स्वतःच्या अनुभवातून झाली. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचे पहिले मूल त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षी जन्मास येऊन दहा दिवसांत दगावले. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले नाही, हे शल्य त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या मुळाशी होते. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व बालके यांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पुण्यात सेवासदनाने (१९०९) ससून रुग्णालयाच्या सहकार्याने परिचारिकांच्या प्रशिक्षणास चालना दिली. रास्ता पेठेतील किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय (१९१२) हे मुळात एक लहान प्रसूतिगृहच होते. मुंबईत गिरणगावाला लागून १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले. कामगारवस्ती आणि प्रसूतिगृह यांची जी सांगड तेथे पडली, तीच पुढे पिंपरीत दिसते.

प्रारंभीच्या काळात लोक रुग्णालयास भीत, आणि ती भीती सर्वस्वी अज्ञानमूलक नव्हती. यूरोपातही प्रसूतिज्वराने (सूतिकाज्वराने) रुग्णालयांतील अनेक माता मरत. शवविच्छेदन करून आलेल्या वैद्यांच्या हातांवाटे हा संसर्ग पसरतो असे ताडून इग्नाट्स झेमेलव्हाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे क्लोरीनयुक्त द्रावाने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले. तथापि जडलेल्या ज्वरावर परिणामकारक औषध १९३५ नंतर सल्फा गटातील द्रव्यांच्या आणि पुढे पेनिसिलिनाच्या रूपाने मिळाले. या इतिहासात पिंपरीचे स्थान लक्षणीय आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. प्रसूतिज्वरास कारणीभूत होणारे मालागोलाणू या औषधास सहज बळी पडतात. ज्या माळावर बाळंतिणीच्या तापाला नवस हाच मुख्य आधार होता, तेथेच देशातील बाळंतिणींसाठी औषध तयार होऊ लागले.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांच्या जमिनींवर मोटारी, स्कूटर व यंत्रसामग्रीचे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये या गावांची नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. संत तुकाराम नगर येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय १९८९ मध्ये सुरू झाले व परिसरातील अवघड प्रसूतींचे ते प्रमुख आश्रयस्थान बनले. चाकणचा विस्तार मुख्यतः १९९० नंतरचा आहे. महाळुंगे, निघोजे, कुरुळी या खेड तालुक्यातील गावांत कारखाने आले, तेव्हा तेथील आरोग्यव्यवस्था ग्रामीण स्वरूपाचीच होती. येथून फार दूर नसलेल्या शिरूर तालुक्यातील वढू येथे डॉ. बानू कोयाजी (१९१७–२००४) यांनी १९७२ पासून ग्रामीण आरोग्य प्रकल्प चालविला व गावातील कार्यकर्त्यांमार्फत गर्भवतींपर्यंत पोहोचण्याची पद्धत रुजविली.

कायद्याचीही जोड मिळाली. मुंबई प्रांताचा १९२९ चा प्रसूतिलाभ कायदा हा भारतातील या प्रकारचा पहिला होय. १९२८ मध्ये विधिमंडळात त्याच्या विधेयकाचे समर्थन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले होते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने विमाधारक स्त्रीला प्रसूतिकाळातील रोख लाभ आणि विमाधारक कामगाराच्या पत्नीला वैद्यकीय सेवा मिळू लागली. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातील बारा आठवड्यांची रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे करण्यात आली. मात्र या लाभासाठी मागील बारा महिन्यांत ऐंशी दिवसांचे काम आवश्यक असते. वरचेवर बदलणाऱ्या कंत्राटी कामामुळे ही अट पुरी करणे वा सिद्ध करणे अनेक स्त्रियांना अवघड जाते.

प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत गर्भाशयग्रीवा हळूहळू विस्फारून सु. १० सेंमी. होते, दुसरीत मूल जन्मते व तिसरीत वार पडते. पहिलटकरणीची ग्रीवा पूर्वी कधी विस्फारलेली नसल्याने तिच्या वेणा अधिक काळ चालतात. १९५० नंतरच्या प्रसूतिविज्ञानात ग्रीवा ताशी १ सेंमी. विस्फारावी असा दंडक रूढ झाला व त्याहून मंद गती दिसताच वेणा वाढविणारे औषध देण्याकडे कल राहिला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा दंडक सर्वांना लागू पडत नाही असे स्पष्ट केले. ५ सेंमी. नंतरचा काळ पहिल्या खेपेस बारा तासांपर्यंत चालू शकतो, असे तिने नमूद केले. ताशी एका सेंमी.च्या मोजपट्टीने निरोगी शरीराला आळशी ठरविले गेले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

रुग्णालयात दाखल होताच केस काढणे, एनिमा देणे, उताणे निजविणे आणि पहिलटकरणीस सरसकट छेद घेणे हा परिपाठ अनेक दशके चालला. यांतील बहुतेक गोष्टी नेहमीसाठी आवश्यक नाहीत असे पुढे दिसून आले. घरी सुईणीपुढे ती उकिडवी बसे, दोरीला धरून जोर करी, येरझारा घाली. प्रसूतिकक्षातील उंच टेबलावर यास वाव नव्हता. नातेवाइकांना दाराबाहेर थांबविले जाई. आईचा हात हाती नाही, शेजारच्या खाटेवर अनोळखी स्त्री कण्हत आहे आणि आपण ओरडलो तर कोणी रागावेल, अशा स्थितीत वीस-बावीस वर्षांच्या मुलीने रात्र काढावयाची, हे या परिवर्तनाचे दुसरे अंग होय. औद्योगिक पट्ट्यात ते अधिकच जाणवते. कारण मराठवाडा, विदर्भ व खानदेशातून आलेल्या कुटुंबांत माहेर शेकडो किमी. दूर असते आणि पती रात्रपाळीस असू शकतो. काही जणी रूढीप्रमाणे माहेरी जातात. काहींच्या आयाच भाड्याच्या एका खोलीत येऊन राहतात. केंद्र शासनाच्या २०१७ मधील ‘लक्ष्य’ उपक्रमात प्रसूतिकक्षात सोबतीण असू देण्यावर भर आहे. जुन्या घरात जे विनासायास लाभत होते, ते आता नियम करून परत आणावे लागत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये सु. ६५ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सु. ९५ टक्के झाले. राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ (२००१–०३) वरून ३३ (२०१८–२०) वर आले. त्याचबरोबर शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती वाढून सु. चतुर्थांशावर पोहोचल्या.

२०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन व शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंत मोफत आहाराची तरतूद आहे. त्यामुळे नैसर्गिकपणे प्रसूत झालेली बाळंतीण पाचवीपर्यंत बहुधा घरी परतलेली असते आणि कोरा कागद व लेखणी ठेवून सटवाईची पूजा होते. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीची पाचवी मात्र बहुधा रुग्णालयातच उजाडते.