अनपेक्षिताची कुळकथा

बँकेत, विमा कंपनीत किंवा इस्पितळात कामाचा आराखडा कागदावर उतरवतात तेव्हा त्यात चौकोन, बाण आणि काही छोटी वर्तुळं असतात. चौकोन म्हणजे काम, वर्तुळ म्हणजे घटना: ग्राहकाचा निरोप आला, मुदत टळली, यंत्रणा बंद पडली. चौकोनाच्या कडेवर वर्तुळ काढलं की ते काम चालू असताना मध्येच काहीतरी घडू शकतं, असा त्याचा अर्थ. ही चित्रलिपी बीपीएमएन या नावाने २००४ मध्ये आली आणि २०११ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्याकडे पाहताना वाटतं, की अवचित घडणाऱ्या गोष्टींना व्यवसायाच्या आराखड्यात पहिल्यांदा जागा मिळाली ती इथेच. पण ही वर्तुळं म्हणजे एका जुन्या घराण्याची धाकटी पाती आहे, आणि घराण्याची खरी मिळकत तिच्या वाट्याला आलेली नाही, असं माझं म्हणणं आहे. ती मिळकत म्हणजे आकडा. घटना किती वेळा घडते, आणि ती घडली तर किती नुकसान सोसायचं आपण आधीच कबूल केलं आहे, हे सांगणारा आकडा.

घराण्याचा मूळ पुरुष फ्रेंच गणिती प्वासाँ. न्यायनिवाड्यांच्या संभाव्यतेवरच्या त्याच्या १८३७ च्या ग्रंथात ते सूत्र आहे, जे पुढे विरळ घटनांचं सूत्र म्हणून त्याच्या नावाने ओळखलं गेलं. त्याची ताकद दाखवून दिली ती संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीएविच यांनी १८९८ मध्ये. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मरण पावलेल्या सैनिकांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. तुलनेला योग्य अशा दहा कोअरच्या, म्हणजे मोठ्या सैन्यविभागांच्या, वीस वर्षांच्या नोंदी, म्हणजे एकूण २०० वार्षिक नोंदी आणि १२२ मृत्यू. यांतल्या १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ नोंदींत एक होता, २२ नोंदींत दोन होते. निव्वळ सरासरीवरून सूत्र सांगतं: अनुक्रमे सुमारे १०९, ६६ आणि २०. कोणता घोडा कोणत्या दिवशी लाथ मारील हे कोणालाच सांगता येत नव्हतं, तरी सगळ्या लाथा मिळून एका शिस्तीत वागत होत्या. मात्र या ज्ञानाचा घोडदळाला काही उपयोग झाला नाही. मृत्यूंची वाटणी कळली, पण त्यावरून काय ठरवायचं, हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत. आग्नेर क्रारूप एरलांग हा डेन्मार्कमधल्या खेड्यातल्या शाळामास्तरांचा मुलगा. त्याने गणितात पदवी घेतली आणि काही वर्षं शाळेत शिकवलं. कंपनीचे मुख्य अभियंता योहान येन्सन हे स्वतः नामांकित गणिती. त्यांच्या ओळखीने १९०८ मध्ये एरलांग कंपनीत आला आणि १९२९ मध्ये एकावन्नाव्या वर्षी मरण येईपर्यंत तिथेच राहिला. त्याच्यापुढचा प्रश्न रोकडा होता. एक्स्चेंजमध्ये लाइन किती टाकायच्या, ऑपरेटर किती बसवायच्या? कमी ठेवल्या तर ग्राहक ताटकळतो, जास्त ठेवल्या तर तांबं आणि पगार वाया जातो. पुढचा कॉल कधी येईल हे शोधण्याच्या भानगडीत एरलांग पडलाच नाही. १९०९ च्या निबंधात त्याने दाखवलं, की एकमेकांशी संबंध नसलेली माणसं आपापल्या मर्जीने फोन करतात तेव्हा त्यांचे कॉल प्वासाँच्या सूत्राप्रमाणे येतात. १९१७ च्या निबंधात त्याने दोन सूत्रं दिली. एक सांगतं, शंभरातल्या किती जणांना लाइन मोकळी मिळणार नाही. दुसरं सांगतं, थांबायची सोय असेल तर किती जणांना थांबावं लागेल.

या दुसऱ्या निबंधात काय घडलं याकडे नीट पाहिलं पाहिजे, कारण कुळाचा स्वभाव तिथे घडला. एरलांगच्या सूत्राला तीन गोष्टी लागतात: कॉल कोणत्या दराने येतात, एक कॉल किती वेळ चालतो, आणि कंपनी किती ग्राहकांना परत पाठवायला तयार आहे. पहिल्या दोन मोजायच्या, तिसरी ठरवायची. ही तिसरी गोष्ट उघडपणे कागदावर आली हेच मला त्यातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं. सरासरी पाच लाइन सतत गुंतलेल्या राहतील इतकी वर्दळ असेल आणि शंभरात एकापेक्षा जास्त ग्राहक परत जाऊ द्यायचा नसेल, तर अकरा लाइन लागतात. अनुभवी व्यवस्थापकही पाचाला सहा-सात म्हणेल. दुपटीहून अधिक म्हणायचं धाडस तो करणार नाही. उलट अशी दहा छोटी एक्स्चेंज असतील तर प्रत्येकी अकरा धरून ११० लाइन लागतील, पण तीच सगळी वर्दळ एकत्र आणली तर ६४ पुरतात. बँकेत प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावण्याऐवजी सर्वांना एकाच टोकनच्या रांगेत घ्यावं, या आज सर्वमान्य झालेल्या पद्धतीमागचा हिशेब याच जातीचा आहे. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९४६ मध्ये वर्दळीच्या एककाला एरलांगचं नाव दिलं. कॉल सेंटरमध्ये कोणत्या पाळीला किती माणसं बसवायची हे आजही त्याच्या दुसऱ्या सूत्रावरून काढतात.

वंशावळ सांगताना एक हक्कदार वगळून चालणार नाही. स्वीडनच्या फिलिप लुंडबर्ग यांनी १९०३ मध्ये, म्हणजे एरलांगच्या सहा वर्षं आधी, विम्याचे दावे असेच अवचित येतात असं धरून, विमा कंपनी बुडू नये म्हणून किती गंगाजळी हवी याचं गणित मांडलं होतं. मान त्यांचाच आधीचा. पण विमा हा धंदाच मुळी अवचित गोष्टींचा. रोजच्या साध्या कामकाजात, जिथे कोणी संकटाचा विचार करत नव्हतं, तिथे हा हिशेब नेला तो एरलांगने. म्हणून व्यवसाय-प्रक्रियेचं कूळ मी त्याच्यापासून धरतो.

चित्रांची शाखा वेगळीच. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-आलेख मांडले. कारखान्यातलं काम पायरी-पायरीने कागदावर दिसावं, आणि फालतू हालचाली आणि वाट पाहणं कमी व्हावं, हा त्यांचा हेतू. या आलेखात अवचित असं काही नव्हतं. सगळं ठरल्याप्रमाणे चालतं हेच त्यात गृहीत होतं. या दोन शाखांची सोयरीक १९६१ मध्ये झाली. आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांनी जीपीएसएस ही संगणकावर कामाची नक्कल चालवण्याची भाषा तयार केली. तिच्यात अभियंत्याने ठोकळ्यांचं चित्र काढायचं, आणि प्रत्येक ठोकळ्याला काम किती वेळाने येतं, किती वेळ चालतं, त्यात चढउतार किती, हे आकडे द्यायचे. मग संगणक ते काम हजारो वेळा चालवून रांग कुठे तुंबते ते दाखवी. चित्र आणि आकडा एकाच कागदावर आले. त्यानंतर चाळीस वर्षांनी आलेल्या बीपीएमएनमध्ये चित्र फार समृद्ध झालं, वर्तुळांचे कितीतरी प्रकार आले, पण घटना किती वेळा घडते हे लिहायला मूळ चित्रलिपीत जागाच ठेवली नाही. ती उणीव भरण्यासाठी २०१३ मध्ये बीपीसिम नावाचं वेगळं मानक काढावं लागलं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. एरलांगचं सगळं गणित माणसं एकमेकांपासून स्वतंत्र वागतात या गृहीतकावर उभं आहे. व्यवसायाला खरा फटका बसतो तो सगळे एकदम वागतात तेव्हा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अवघी मुंबई एकाच वेळी घरी फोन लावू लागली. त्या दिवसाचा अंदाज कोणत्याही सरासरीतून निघाला नसता. १९९४ मध्ये बेलकोर या अमेरिकेतल्या दूरध्वनी-संशोधन संस्थेच्या संशोधकांनी संगणकांच्या जाळ्यातली वर्दळ मोजून दाखवलं, की तिथले लोंढे प्वासाँच्या हिशेबाप्रमाणे सपाट होत नाहीत. कितीही मोठा कालखंड घेतला तरी ते लोंढेच राहतात. हे दोन्ही मला मान्य आहे. पण बेलकोरच्या संशोधकांना ही विसंगती सापडली कशी? पूर्वीच्या हिशेबाने गृहीतक स्पष्ट शब्दांत आणि आकड्यांत मांडलं होतं, म्हणूनच मोजणी त्याच्याशी ताडून पाहता आली. नुसत्या वर्तुळाला असं कधीच खोटं पाडता येत नाही. यंत्रणा वर्षातून एकदा बंद पडो की रोज, चित्र तेच राहतं. आणि पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या आपत्तीला दर लावता येत नसेल, तर तिथे लुंडबर्ग यांचा मार्ग आहे: किती गंगाजळी बाजूला ठेवायची ते ठरवा आणि ती ठेवा.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे: शंभरातला एक ग्राहक परत जाणार हे आधीच ठरवणं निष्ठुर नाही का? माझ्या मते न ठरवणं अधिक निष्ठुर आहे. साधन मर्यादित असेल तिथे कोणीतरी परत जाणारच असतं. आकडा लिहिला नाही म्हणून तो माणूस नाहीसा होत नाही. फक्त त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. शंभरात एक असं लिहिलं, की उद्या दहा जण परत गेले तर जाब विचारता येतो. सरकारी कचेरीत, रेल्वेच्या तिकीट खिडकीवर, इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात हाच जाब विचारायची सोय सहसा नसते, कारण किती जणांना किती वेळ थांबवणं चालेल हे तिथे कोणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

म्हणून एखादा प्रक्रियेचा आराखडा तुमच्यापुढे मंजुरीसाठी आला, तर त्यातल्या प्रत्येक वर्तुळाशेजारी दोन आकडे मागा: हे महिन्यातून किती वेळा घडतं, आणि घडलं तर किती जणांना परत पाठवायचं आपण मान्य केलं आहे. ते लिहिले जाईपर्यंत सही करू नका.