सर्वात कमी दर आणि ठेकेदाराची ऐपत

सार्वजनिक बांधकामाचा ठेका देताना सरकारपुढे दोन प्रश्न असतात: काम कमीत कमी किती पैशांत होईल, आणि ते पुरे करण्याची ऐपत कोणाची आहे. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील निविदापद्धत या दोन प्रश्नांच्या ओढाताणीतून घडली आहे.

लॉर्ड डलहौसीच्या काळात, 1854 मध्ये, सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. ठेकेदाराची ऐपत किती महत्त्वाची, हे मुंबई-पुणे मार्गावरील भोर घाटाच्या रेल्वेकामात दिसले. 1856 मध्ये काम हाती घेतलेल्या फॅव्हिएल या ठेकेदाराने 1859 मध्ये ते सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका चालू ठेवला आणि 1863 मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला. नगर जिल्ह्यातही अशी मोठी कामे झाली: 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग झाला. 1910 ते 1926 या काळात प्रवरा नदीवर भंडारदरा धरण उभे राहिले.

मुंबई इलाख्यातून आलेले निविदेचे नमुने आजही चालतात. ‘बी-1’मध्ये दरसूचीवरून अंदाजपत्रक खाते करते, ठेकेदार फक्त ‘इतके टक्के कमी’ किंवा ‘जादा’ भरतो. 10 लाखांच्या कामाला 8 टक्के कमी म्हणजे 9 लाख 20 हजार. ‘बी-2’मध्ये खोदाई, मुरूम, खडी अशा प्रत्येक बाबीचा दर ठेकेदारच लिहितो. निविदेसोबत बयाणा रक्कम, म्हणजे अनामत, भरावी लागते.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि शाळाखोल्या, रस्ते, मोऱ्या अशी छोटी कामे गावोगाव वाढली. शासनाने त्यांचे वाटे पाडले: मजूर सहकारी संस्थांना 33 टक्के, सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना 33 आणि खुल्या ठेकेदारांना 34, पुढे हे प्रमाण बदललेही. इथे दरापेक्षा स्थानिकांच्या हाताला काम हा हेतू मोठा होता.

2014 च्या अखेरीस 3 लाखांवरील कामांना ई-निविदा सक्तीची झाली. ही मर्यादा पुढे वाढली. मोठ्या कामांत आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. नोंदणीचा वर्ग, पूर्वीची कामे, उलाढाल, यंत्रसामग्री यांत जो पात्र ठरेल, त्याचाच आर्थिक लिफाफा उघडला जातो. मग सर्वात कमी दर मान्य होतो. दर अंदाजपत्रकाच्या फार खाली गेला, तर ठेकेदाराकडून जादा सुरक्षा ठेव घेतात, म्हणजे काम अर्धवट पडल्यास भरपाईची सोय राहते.