टपाल खात्याची पगारी मांजरे

१/१०
सरकारी दप्तरात मांजरांच्या पगाराची नोंद सापडली, तर ती कुणा कारकुनाची थट्टा वाटेल. परंतु ब्रिटिश टपाल खात्याने शतकाहून अधिक काळ आपल्या कचेऱ्यांत मांजरे बाळगली, त्यांच्यासाठी भत्ता मंजूर केला आणि त्याविषयी रीतसर पत्रव्यवहारही केला. त्या मांजरांचा हा इतिहास. 🧵

२/१०
एकोणिसाव्या शतकातील टपाल म्हणजे कागद आणि कापडी पिशव्या. उंदरांना याहून सोयीची जागा कोणती? त्यात १८३८ पासून मनीऑर्डरचे कामही खात्याकडे आले. तेथे कुरतडलेला कागद म्हणजे कुणाचे तरी अडकलेले पैसे.

३/१०
१८६८ साली लंडनच्या मनीऑर्डर कचेरीने तीन मांजरे ठेवण्याची परवानगी मागितली. त्यांच्या पोषणासाठी आठवड्याला २ शिलिंगांची मागणी होती. खात्याच्या सचिवांनी १ शिलिंग मंजूर केला. उरलेले पोट मांजरांनी उंदरांवर भरावे, असा शेरा होता.

४/१०
शिवाय अट अशी, की सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत, तर भत्त्याला आणखी कात्री लागेल. थोडक्यात, मांजरे उमेदवारीवर नेमली गेली.

५/१०
शेरा गमतीचा आहे. पण त्यामागील विचार त्या काळाचाच आहे. पोटभर मिळाले तर काम कोण करील, हाच तो विचार. १८३४ च्या गरीब कायद्याने निराधारांची मदत सर्वांत गरीब मजुराच्या स्थितीपेक्षाही हलकी ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. १८६२ पासून इंग्लंडमधील शाळांचे सरकारी अनुदान बव्हंशी मुलांची हजेरी आणि त्यांच्या परीक्षेचा निकाल यांवर ठरू लागले. जो न्याय गरिबाला आणि शिक्षकाला, तोच मांजराला.

६/१०
मांजरे कसोटीला उतरली. १८७३ मध्ये त्यांच्या भत्त्यात ६ पेन्सांची वाढ झाली आणि पुढे इतर टपाल कचेऱ्यांतही ही पद्धत पसरली.

७/१०
हा पेच केवळ टपाल खात्यापुरता नव्हता. १९२९ मध्ये ब्रिटिश गृहखात्यातील पीटर नावाच्या बोक्याला कर्मचारी इतके खाऊ घालत, की तो उंदरांकडे पाहीना. अखेर लाड थांबवून त्याच्यासाठी दररोज १ पेनी मंजूर करण्यात आली. कर्मचाऱ्यांच्या लेखी तो पाळीव प्राणी होता. दप्तराच्या लेखी खर्चाची एक बाब. एकाच बोक्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी कचेरीत शेजारी शेजारी नांदत होत्या.

८/१०
१९५३ मध्ये हा विषय थेट ब्रिटिश संसदेत पोहोचला. टपाल खात्याच्या मांजरांना भत्तावाढ केव्हा मिळाली, असा प्रश्न विचारला गेला. साहाय्यक पोस्टमास्तर जनरल गॅमन्स यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले, की जुलै १९१८ पासून वाढ गोठलेली आहे. मात्र कुणाची तक्रार आलेली नाही. कामाच्या प्रमाणात मोबदला देण्याची योजना आखणे अशक्य ठरले, कारण हे सेवक लहरी असून दीर्घकाळ गैरहजर राहतात! १८६८ ची अट ८५ वर्षांनी अशी हास्यात विरली.

९/१०
त्याच काळात लंडनच्या मुख्य कचेरीत टिब्स नावाचा बोका सेवेत होता. जन्म १९५०, वजन २३ पौंड, म्हणजे सुमारे साडेदहा किलो. चौदा वर्षे त्याने ती इमारत उंदरांपासून मुक्त ठेवली, अशी त्याची ख्याती होती. १९६४ मध्ये तो गेला, तेव्हा खात्याच्या मासिकाने त्याच्यावर मृत्युलेख छापला. ज्याच्या पूर्वसुरींचा हिशेब एकेका शिलिंगाने झाला, त्याला निरोप मात्र सहकाऱ्याचा मिळाला.

१०/१०
मुख्य कचेरीतील अखेरचे मांजर ब्लॅकी १९८४ मध्ये मरण पावले. तोवर कापडी पिशव्यांची जागा उंदरांना न जुमानणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी घेतली होती. त्यामुळे नवी नेमणूक झाली नाही. वेतनकपातीच्या धमकीने जे पद गेले नाही, ते एका नव्या वस्तूने गेले. कामगारांच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार भेटते. येथे ती मांजरांच्या वाट्याला आली, एवढेच. म्हणून जुने दप्तर चाळताना किरकोळ खर्चाचे पान उलटून पुढे जाऊ नये. राज्यकर्ते कष्टाचे मोल कसे करीत, हे अनेकदा तेथेच लिहिलेले असते.