मोहल्ल्यातील टॉकीज : उदय आणि अस्त

आपल्या भंडारा जिल्ह्यातील माणूस नागपूरला गेला की व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावे सहज घेतो. ही नावे कोणा राजाची वा पुढाऱ्याची नव्हेत, सिनेमाच्या टॉकीजची आहेत. शहराने आपल्या चौकांना टॉकीजची नावे द्यावीत, यावरून एके काळी लोकजीवनात चित्रपटगृहाचे स्थान केवढे होते याची कल्पना येते. मंडळाच्या वाटचालीचे लेख या स्मरणिकेत आहेतच. त्यांच्या जोडीला, घरचे काम आटोपून चारचौघींबरोबर बसण्याची जी एक जागा आपल्या आयांना आणि आज्यांना मिळाली होती, तिचीही हकिगत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू. ही हकिगत मुख्यत्वे मुंबईची आहे. कारण तिचा आरंभ तेथे झाला आणि शेवटही तेथेच अधिक ठळकपणे दिसतो.

दिनांक 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. तिकीट होते एक रुपया. म्हणजे तो खेळ साहेबलोकांचा आणि सधनांचा. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले. तेथे पुढे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवण्यात आले, आणि पडदानशीन स्त्रियांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी निराळ्या बैठकी राखण्यात आल्या. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बायका आल्या तर सारे घर येते, हे व्यवसाय करणाऱ्याच्या ध्यानात पहिल्याच हंगामात आले होते.

पडद्यावरची गोष्ट मात्र वेगळी होती. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती. चित्रपटात काम करावयास एकही स्त्री तयार होईना. त्याच वर्षी तयार झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी ते धाडस केले. प्रेक्षागृहात बायकांसाठी जागा आधी झाली, पडद्यावर मागाहून.

मुंबईची जुनी चित्रपटगृहे कोठे उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे. ती गावाबाहेरच्या मोकळ्या जागी नव्हे, तर चाळी, वाड्या आणि बाजार यांच्या ऐन मध्यावर झाली. त्यांतली कित्येक मुळात नाटकगृहेच होती. बोरीबंदरासमोरचे कॅपिटॉल हे पूर्वीचे गेइटी नाटकगृह. ग्रँट रोडकडच्या ज्या भागात नाटकगृहांची दाटी होती, त्याला साहेब ‘प्लेहाऊस’ म्हणत; आपल्या लोकांनी त्याचे ‘पिला हाऊस’ केले. पारशी नाटके मागे पडली, पडदे लागले, आणि त्याच जागी सिनेमाचे खेळ सुरू झाले. म्हणजे एका करमणुकीने दुसरीला हटविण्याचा प्रकार काही आजचा नव्हे.

चित्रपट बोलू लागला तेव्हा तर या थिएटरांना विलक्षण दिवस आले. 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलमआरा’ लागला आणि गर्दी आवरावयास पोलीस बोलवावे लागले. पुढल्याच वर्षी, 1932 साली, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्यात दुर्गा खोटे तारामती झाल्या. एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका पुरुषाला करावी लागली, ती आता चांगल्या घरच्या, शिकलेल्या स्त्रीने केली. 1936 साली ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल थिएटरात लागला तो सत्तावन्न आठवडे चालला. कीर्तनाला जाण्यास जिला घरात कोणी अडविले नाही, तिला तुकाराम पाहण्यास कोण अडविणार? संतपटांनी घराघरांतील दार असे हळूच उघडले. मग त्याच दारातून 1937 साली ‘कुंकू’ पाहावयास बाया गेल्या, आणि म्हाताऱ्या नवऱ्याशी लावून दिलेले लग्न मनाने न स्वीकारणारी नायिका शांता आपट्यांच्या रूपाने त्यांनी पाहिली. कीर्तनाच्या ओघात सुरू झालेली ही वाट अशा प्रश्नापाशी येऊन पोहोचेल, हे दार उघडणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

मोहल्ल्यातल्या टॉकीजचे गुण साधेच होते. ती चालत जाण्याच्या अंतरावर असे. स्वयंपाक आटोपून, मुलांना बरोबर घेऊन, दुपारचा खेळ पाहून दिवेलागणीपूर्वी घरी परतता येई. तिकिटाची श्रेणी खालपासून वरपर्यंत होती. पुढच्या पिटात बसणारा हमाल आणि वर बाल्कनीत बसणारे वकीलसाहेब एकाच वेळी एकाच प्रसंगाला हसत. कित्येक ठिकाणी बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी, रांग वेगळी, क्वचित बसण्याचा भागही वेगळा असे. डोअरकीपर ओळखीचा, शेजारची बाई ओळखीची, आणि तान्हे मूल रडू लागले तर त्याला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहिले तरी कोणी हटकीत नसे.

गिरणगावात तर या गोष्टीला आणखी एक अर्थ होता. लालबागचे भारतमाता चित्रपटगृह गिरणीच्या जागेवर उभे आहे. आजूबाजूला चाळी आणि त्यांत कोकण-घाटावरून आलेली मराठी कुटुंबे. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत, त्या संसारात नवरा-बायकोला तीन तास शेजारी बसावयास मिळण्याची जागा म्हणजे थिएटर. मराठी चित्रपटाला घर मिळाले तेही अशाच ठिकाणी. 1971 साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरचे कोहिनूर मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसेनेने आवाज उठविला आणि मग तो चित्रपट तेथे लागून गाजला.

बायकांच्या गर्दीने चित्रपटाचे नशीब कसे फिरते, याची दोन उदाहरणे सर्वांच्या तोंडी आहेत. 1975 साली ‘शोले’बरोबरच्याच दिवसांत ‘जय संतोषी माँ’ हा अगदी अल्प खर्चात केलेला चित्रपट आला. बायका पायातली वहाण बाहेर काढून थिएटरात जाऊ लागल्या. पडद्यावर आरती लागली की नाणी आणि फुले उधळली जाऊ लागली. शुक्रवारचे व्रत त्यामुळे घरोघर पोहोचले. दुसरे उदाहरण 1991 च्या ‘माहेरची साडी’चे. त्या चित्रपटाला गावोगावच्या टॉकीजवर लोटलेल्या बायका अनेकींच्या आठवणीत असतील. टीकाकारांनी त्या रडण्याला नावे ठेविली. परंतु जिला घरी मोकळेपणी रडता येत नव्हते, तिला अंधारात शेजारणीच्या खांद्याशी रडता आले, हेही खरेच.

मग ही थिएटरे गेली कशी? एका घावाने नव्हे. 18 जानेवारी 1982 पासून गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातील प्रेक्षकांच्या हाती पैसाच राहिला नाही. त्याच वर्षी रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ आला. 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा तर रस्ते ओस पडले. 1991 नंतर केबलने रोजच घरी चित्रपट आणून सोडला. इकडे करमणूक कर जबर, इमारती जुन्या, दुरुस्तीला पैसा नाही. तिकडे 1997 साली दिल्लीत पहिले अनेक पडद्यांचे चित्रपटगृह निघाले, आणि 2001 साली महाराष्ट्र शासनाने अशा नव्या चित्रपटगृहांना करमणूक करात काही वर्षांची सवलत दिली. एक पडदा व हजार खुर्च्या असलेल्या जुन्या मालकाला मात्र पूर्ण कर भरून त्यांच्याशी सामना करावा लागला. यावर कडी म्हणजे जमिनीची किंमत. ज्या जागेत दिवसाला चार खेळ होत, त्या जागेवर बांधलेले गाळे कितीतरी अधिक मिळकत देऊ लागले. शेवटी मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे थिएटरांना टाळे लागले. मध्यंतरीचे थोडे महिने सोडता राज्यात ते 22 ऑक्टोबर 2021 रोजीच उघडले. त्या वेळी कित्येक मालकांनी टाळे काढलेच नाही.

प्रत्येक वास्तूची गत निराळी झाली. ‘आलमआरा’चे मॅजेस्टिक पाडून तेथे व्यापारी संकुल झाले, परंतु त्याच्या शेजारी निघालेल्या पुस्तकांच्या दुकानाने घेतलेले त्याचे नाव मॅजेस्टिक प्रकाशनाच्या रूपाने आपल्या वाचनालयांतील कपाटांत आजही दिसते. जेथे ‘शोले’ पाच वर्षे चालला, ते लॅमिंग्टन रोडवरचे मिनर्व्हा जमीनदोस्त झाले. कोहिनूरच्या जागी नक्षत्र मॉल आला. पुण्यात 1934 साली सुरू झालेल्या प्रभात थिएटरचा भाडेपट्टा 2014 अखेर संपला आणि ते नाव उतरले. दादरच्या प्लाझाने 12 मार्च 1993 चा बॉम्बस्फोट सोसला आणि ते पुन्हा उभे राहिले. भारतमाता कितीदा बंद पडणार असे बोलले गेले, तरी लालबागकरांच्या आग्रहाने टिकून राहिले. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात 1995 साली लागलेला एक चित्रपट पंचवीस वर्षांहून अधिक काळ स्वस्त तिकिटात दुपारी दाखविला गेला, आणि बाहेरगावच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांनी तेथे तीन तास विसावा घेतला.

जुने ते सारे सोने, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. पुष्कळ थिएटरांत ढेकूण होते, उकाडा होता, काळा बाजार होता. पुढे-पुढे काहींनी गल्ला भरण्यासाठी असे चित्रपट लावले की त्या रस्त्याने जाणेही बायकांना नकोसे झाले. बायका यावयाच्या थांबल्या आणि मगच टॉकीज खऱ्या अर्थाने ओस पडली. नॉव्हेल्टीच्या मालकास 1896 साली जे कळले होते, ते शंभर वर्षांनी विसरले गेले. नवी चित्रपटगृहे स्वच्छ आहेत, एकट्या मुलीला तेथे निर्धास्त बसता येते, हा मोठाच लाभ. परंतु चार जणींनी, मुलांसकट, घरखर्चातून वाचविलेल्या पैशांत जावे, अशी ती राहिली नाहीत. आणि घरी ज्याच्या-त्याच्या हातातल्या फोनवर चित्रपट आहेतच; त्यात करमणूक होते, परंतु शेजारीण भेटत नाही.

याला एक उत्तर आपल्याच झाडीपट्टीत आहे. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपत आली की गावोगाव मंडई भरते आणि वडसा-देसाईगंजकडच्या नाटक मंडळ्या रात्रभर नाटके करतात. दूरदर्शन आले, फोन आले, तरी हा रंगमंच उठला नाही. त्याचे कारण उघड आहे. तो प्रेक्षकांच्या दारी येतो, लेकी-सुना त्या निमित्ताने माहेरी येतात, आणि तिकीट घेणारीला आपण आपल्या गावात आहोत असे वाटते. महागड्या जागेवर तो उभा नाही, म्हणून त्याची जागा कोणी विकूही शकत नाही.

तेव्हा टॉकीज परत आणणे आपल्या हाती नसले, तरी ती जे देत होती ते देणे मंडळाच्या हाती आहे. महिन्यातून एक दुपार मंडळाच्या सभागृहात ‘श्यामची आई’ किंवा ‘कुंकू’ रीतसर परवानगी घेऊन दाखवावा. बाहेर ओसरीवर तान्ह्या मुलांची सोय करावी. आणि खेळ संपल्यावर ज्येष्ठ भगिनींनी आपल्या गावच्या टॉकीजच्या आठवणी सांगाव्यात, तरुण मुलींनी त्या लिहून घ्याव्यात. इमारती पडल्या की त्यांचे फोटो तरी राहतात. त्यांत बसलेल्या बायकांची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही. ती पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत यावी.